इकडची काडी तिकडे

घरात त्याला निवांत म्हणत. हे नाव थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी ठेवलं होतं, तो चौदा वर्षांचा असताना. आता तो चोपन्नचा झाला होता. केस गेले, नाव टिकलं.

लग्न केलं नव्हतं. करायचंच नाही असंही कधी ठरवलं नव्हतं. राहून गेलं, असं तो सांगायचा. कुठेतरी छत्री राहून जावी तसं. दादा-वहिनींच्या घरात मागची खोली त्याची होती.

नोकरी संग्रहालयात. मडक्यांच्या दालनात दाराला लागून एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर दहा ते पाच बसायचं. कोणी मडक्याकडे हात नेला की म्हणायचं, "हात लावू नका." एरवी दिवसातून पाच-सहा वेळा, शाळांच्या सहली आल्या की पन्नास-साठ वेळा. एकतीस वर्षं हेच काम. दादा म्हणायचे, याला बसायचा पगार मिळतो, आडवा झाला तर बढती मिळेल. निवांत हसायचा. तो काही मनाला लावून घेत नाही, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

एकदा नव्या सफाईवाल्याने एक सुरई उचलून पुसली आणि जागेवर ठेवली. निवांतने दारातूनच सांगितलं की हिचं तोंड खिडकीकडे होतं, आता बोटभर भिंतीकडे वळलंय. जुना फोटो काढून ताडून पाहिलं. बरोबर निघालं. ही गोष्ट घरी कोणाला माहीत नव्हती. दिवस कसा गेला असं त्याला कोणी विचारत नसे. बसण्यात गेला असणार, हे उघडच होतं.

बाहेरच्या खोलीत, दिव्याच्या बटणांखाली, वहिनींचा कुंडीतला युक्का होता. मनगटाएवढं जाड खोड, छातीपर्यंत उंच, आणि वर लांब टोकदार पात्यांचा झुपका. त्याच्या बाजूने जाताना सगळे अंग चोरून जात. पात्यांची टोकं बावीस वर्षं भिंतीला घासून तिथे रंगावर एक अर्धं वर्तुळ उमटलं होतं.

वहिनी ज्या कचेरीत टायपिस्ट होत्या ती बंद पडली, तेव्हा ज्याला जे हवं ते न्या असं सांगण्यात आलं. साहेबांनी फिरत्या खुर्च्या नेल्या. वहिनींनी कोपऱ्यातलं प्लास्टिकचं झाड आणलं. ते प्लास्टिकचं आहे असंच कचेरीत सगळे धरून चालले होते. घरी आणल्यावर चार महिने त्या ते कोरड्या फडक्याने पुसत होत्या. पाचव्या महिन्यात झुपक्याच्या मधोमध एक फिकट हिरवं पातं वर आलं. वहिनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "प्लास्टिकला पान फुटलंय." दादांनी ताप आहे का ते बघायला त्यांच्या कपाळाला हात लावला.

चार महिने थेंबभर पाणी नाही आणि तरी झाड वाढलं. त्यावरून वहिनींनी काय ते ओळखलं. याला जपायचं म्हणजे याच्या वाटेला जायचं नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी वहिनी आणि दादा तीन महिन्यांसाठी तिच्या गावी निघाले. झाड कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता. शेजारीण एका पायावर तयार होती. तिच्याकडे झाडं भरपूर होती आणि सारखी बदलत असत. वहिनींनी तिला गोड बोलून वाटेला लावलं आणि निवांतला झाडापाशी बोलावलं. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. ओलं लागलं तर मागे फिरायचं. कोरडं लागलं तर एक मग पाणी. थंडीत तीन आठवड्यांतून एकदा पुरे. कुंडी हलवायची नाही, पानं भिजवायची नाहीत, दुसरं काहीही करायचं नाही.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमच्याच भरवशावर सोडून चालले आहे."

निवांतच्या भरवशावर त्या घरात आजवर कोणी दूधसुद्धा तापत ठेवलं नव्हतं. त्याने मान हलवली.

पहिले तीन आठवडे त्याने सांगितलं तेवढंच केलं. एकदा बोट घातलं, एक मग पाणी घातलं. मग एका संध्याकाळी पुतणीचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता झाडाचा विषय निघाला आणि पुतणी हसायला लागली.

"काका, आई काय म्हणते माहितीये? शेजारच्या काकूंनी लाडाने बुडवलं असतं झाडाला. त्यापेक्षा भावोजी बरे. ते इकडची काडी तिकडे करायचे नाहीत."

निवांतही हसला. बाळाचं वजन विचारलं. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिला.

दादांचे टोमणे त्याला नवे नव्हते. चाळीस वर्षांत ते अंगवळणी पडले होते. वहिनींच्या तोंडून मात्र असलं काही त्याने ऐकलं नव्हतं. आणि आता कळत होतं की भरवसा त्याच्यावर नव्हताच. त्याच्या आळसावर होता. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तो तासभर आधी उठला. चहाच्या आधी झाडाला मगभर पाणी घातलं. तिसऱ्या दिवशीही. कुंडी ओढत खिडकीपाशी नेली. फवारा आणला, खताची बाटली आणली, जुन्या बनियनचा तुकडा भिजवून एकेक पातं पुसलं. कुंडीखालची थाळी कोरडी दिसली की भरून ठेवली. बोट मातीत घालायचं सोडून दिलं. ते ओलंच लागायचं आणि मग काही करता यायचं नाही. शेजारीण एकदा डोकावली आणि म्हणाली, भावोजी, तुमच्यात हा गुण होता हे माहीतच नव्हतं. निवांतला बरं वाटलं. दर रविवारी फोनवर वहिनी विचारत, झाड कसं आहे? तो सांगायचा, चकाकतंय.

चकाकतही होतं, पंधरा-वीस दिवस. मग खालची पाती पिवळी पडली. तहान लागली असेल म्हणून त्याने संध्याकाळचाही एक मग सुरू केला.

रोजच्या पाण्याचा पाचवा आठवडा संपत आला होता. एका सकाळी मग भरून बाहेर आला आणि दारातच थांबला. खोड बोटभर डावीकडे कललं होतं. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. त्याने मग खाली ठेवला, जवळ जाऊन खोडाच्या बुडाशी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. ओलं फडकं बादलीत आठ दिवस राहून जावं तसा वास आला.

त्या दिवशी कामावर जाताना तो वाटेतल्या नर्सरीत शिरला. तेवढ्याच उंचीचे युक्के ओळीने उभे होते. वहिनींना यायला अजून पाच आठवडे होते. तो ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. एकाचं खोड जरा बारीक, एकाचा झुपका दाट, एकाची साल वेगळी. वहिनींना दारातूनच कळलं असतं. आपल्याला कळलं असतं, यावरून त्याने ते ओळखलं. हात हलवत बाहेर आला.

संग्रहालयाच्या तळघरात फुटलेली मडकी जोडणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना जोडबाई म्हणत. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्याकडे गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो सुट्टीत खुर्ची सोडून कुठे गेला असेल. जोडबाईंनी सगळं ऐकलं. पाणी किती घालत होता, विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे दोन वर्षांचं पाणी पाच आठवड्यांत पाजलंत."

"वाचेल का?"

"खालचं नाही वाचणार. वरचं वाचलं तर वाचेल." त्यांनी खणातून बारीक दातांची करवत काढली. "पांढरं लागेपर्यंत कापत जा. तपकिरी दिसलं की आणखी वर. दया दाखवू नका. कापलेला भाग आठ दिवस कोरड्यात पडू द्या. मग रेताड मातीत खोचायचं."

"आणि मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. महिना दीड महिना हात लावायचा नाही. लोक इथेच मारतात. मुळं धरली का, म्हणून रोज हलवून बघतात. फुटलेलं मूळ त्यानेच तुटतं. जमणार नाही तुम्हाला, कोणालाच जमत नाही."

निवांतने करवत कागदात गुंडाळली. "हे जमेल," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पहिला छेद घेतला. तपकिरी. वीतभर वर, दुसरा. तपकिरीच, कडेला जरा फिकट. मग तिसरा. आत मलईसारखं पांढरं, घट्ट लागलं. छातीएवढ्या झाडातून दोन वीत खोड आणि झुपका उरला. बाकीचं त्याने पिशवीत बांधून कचऱ्यात नेऊन टाकलं.

रविवारी वहिनींचा फोन आला. झाड कसं आहे?

"खोड सडलं, वहिनी. मी पाणी जास्त घातलं. कापावं लागलं. दोन वीत राहिलंय."

पलीकडे बाळ रडत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आल्यावर बघू."

हे शेवटचे दोन शब्द त्याने पुढचा महिनाभर उलटेपालटे करून पाहिले. त्यांतून काहीच निघत नव्हतं.

आठ दिवसांनी त्याने ते खोड मातीत खोचलं आणि कुंडी पुन्हा बटणांखाली, पहिल्या जागी ठेवली. स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दोन हातांवर मांडली. पाचला सुटायचा, घरी यायचा, चहा घेऊन त्या खुर्चीत बसायचा. दहा ते पाच मडकी, मग जेवणापर्यंत झाड. शेजारीण आली आणि जरा हलवून बघते म्हणाली. त्याने "हात लावू नका" म्हटलं तेव्हा ती फणकारली, संग्रहालय आहे का हे. दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. राखण सगळ्यात जास्त स्वतःचीच करावी लागत होती. हात फारच शिवशिवायला लागले की तो ते मांडीखाली घेऊन बसायचा. पाती ना वाढत होती ना सुकत होती. प्लास्टिकची असावीत तशी होती.

वहिनी आणि दादा दुपारी आले. वहिनी हातातली पिशवी न ठेवताच आत आल्या. भिंतीवरचं अर्धं वर्तुळ त्यांनी पाहिलं. त्याच्याखाली मोकळी भिंत होती आणि पार खाली, गुडघ्याएवढं, ते उरलेलं. त्या वाकल्या. दोन बोटांनी खोड धरायला हात पुढे केला.

"हात लावू नका."

आवाज मोठा नव्हता, पण दालनातला होता. या घरात तो कोणी ऐकला नव्हता. वहिनींनी सहलीतल्या मुलीसारखा हात मागे घेतला.

"आता आमच्या घरात आम्हालाच तिकीट काढावं लागणार वाटतं," दादा दारातून म्हणाले. कोणी हसलं नाही. ते सामान घेऊन आत गेले.

"मुळं धरली?" वहिनींनी विचारलं.

"माहीत नाही."

"बघितलं नाहीत?"

"नाही."

"महिनाभर?"

"सत्तावीस दिवस."

वहिनी त्याच्या खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवरच होती. मग म्हणाल्या, "सगळं सांगून गेले होते, भावोजी. मग एवढं पाणी का घातलंत?"

निवांतने भिंतीकडे पाहिलं. "इकडची काडी तिकडे करून बघितली."

वहिनींच्या आधी लक्षात आलं नाही. मग आलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मी ते वाईट अर्थाने नव्हतं म्हटलं," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हणजे, थोडं म्हटलं होतं."

"हो," तो म्हणाला.

"पण भरवसा खरा होता. दुसऱ्या कोणावर नव्हता."

तो चहा ठेवायला आत गेला. मागे दादांची पावलं ऐकू आली. बघू तरी, जिवंत आहे का गेलंय, असं ते म्हणत होते. लगेच वहिनींचा आवाज आला, "अहो, हात लावू नका त्याला." पावलं थांबली. निवांतने साखरेचा डबा उघडला.

पान फुटलं ते त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. मंगळवारी सकाळी कामावर निघताना त्याला दारातून दिसलं. झुपक्याच्या मधोमध, सुईच्या अग्राएवढं, फिकट. तो कोणाला काही बोलला नाही. बुधवारी ते थोडं वर आलं, गुरुवारी आणखी. शुक्रवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात पाणी पीत होता, तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कोरडं फडकं होतं.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "प्लास्टिकला पान फुटलंय."

"हो का?" निवांत म्हणाला आणि पेला खाली ठेवून बघायला गेला.