उतारावरची हाक

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रापाशी नाही. देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं मी फार गुळमुळीत बोलतो, इकडचं तिकडचं सगळं सांगतो आणि मुख्य तेवढं गिळतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही, हे आता कळतंय.

आधी उताराबद्दल सांगतो. म्हणजे — मी टाळतोय असं समजू नका. टाळतोयच, पण उतार समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव नदीकाठचं, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार पूर्वेला. इथली माणसं मराठीत भांडतात आणि कन्नडमध्ये समजूत घालतात. नव्वदच्या दशकात पलीकडं जायला नावेशिवाय मार्ग नव्हता. दोन मोठ्या नावा शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या. तिला आम्ही जोडनाव म्हणायचो. एका खेपेला एक जीप किंवा एक बैलगाडी, आणि उरल्या जागेत मावतील तेवढी माणसं. साखर कारखाना पलीकडं, दवाखाना पलीकडं, बाजारही पलीकडंच. आणि नावेपर्यंत जायला एकच उतार, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. हंगाम सुरू झाला की उसानं भरलेल्या गाड्या त्यावर एकामागं एक तुंबायच्या, त्या थेट वेशीपर्यंत. रिकाम्या गाड्या खालून वर यायच्या त्या मध्येच अडकायच्या. बैल फुरफुरताहेत, गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या काढताहेत — असं दिवसभर चालायचं. त्या उताराच्या मध्यावर माझं खत-बियाणांचं दुकान होतं.

पण त्या कोंडीतही एक रीत होती. मागून कुणी "बाळंतीण हाय, वाट द्या!" अशी हाक दिली की पुढचा ती हाक पुढं द्यायचा, त्याच्या पुढचा आणखी पुढं, अशी ती पाण्यापर्यंत पोचायची. मग भांडणं जागच्या जागी थांबायची. गाडीवान बैलांच्या वेसणी धरून गाड्या भिंतीला घासून उभ्या करायचे. नावेवर चढलेली भरली गाडी खाली उतरवायचे. आणि ती गाडी शेजारून जाताना सगळे बाप्ये तोंड फिरवून उभे राहायचे. पडदा उचलून आत कोण आहे हे कुणी बघायचं नाही, कुठल्या घरातली हेही विचारायचं नाही. ऊस घेऊन येणारे गाडीवान बहुतेक परगावचे, तरी ही रीत सगळ्यांनी पाळलेली. मी लहानपणापासून बघत आलो होतो.

ती मी मोडली. कशासाठी, ते सांगायला लाज वाटते — कुस्तीसाठी.

पलीकडच्या गावात मैदान होतं. मोठी जोड होती, आठवडाभर सगळीकडं तीच चर्चा. माझा एक मित्र कबनूरचा, त्याचे यंत्रमाग होते, तो त्याची जीप घेऊन आला. बघतो तर उतार गच्च. जीप जागची हलेना. ऊन उतरायला लागलं आणि शेवटची कुस्ती आपली चुकणार हे दिसायला लागलं. तेव्हा मीच म्हणालो, पडदे सोड आणि हाक दे.

तो आधी नको म्हणाला. तो परगावचा, त्याला भीती वाटली. मी गावचा — मला वाटली नाही! मी मागं जाऊन बसलो, कापडी पडदे बांधून घेतले, त्यानं हाक दिली, आणि मी आत कण्हायला लागलो. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली? मिशीवाला, तिशीतला, दुकानदार माणूस मी, टॉवेल दातात धरून हसू दाबत कण्हत होतो. बाहेर बैल बाजूला सरकत होते. कुणीतरी म्हातारा "बाय गं, सोस जरा, आलीच नाव," असं म्हणाला, तोंड फिरवूनच म्हणाला असणार. त्या आवाजातली माया मला स्पष्ट ऐकू आली. तरी मी कण्हलो. उलट जोर लावून कण्हलो.

कुस्ती बघायला मिळाली. कोण जिंकला ते आज आठवत नाही.

आमची जीप मैदानाच्या कडेला पडदे वर केलेली कुणीतरी बघितली, आणि दुसऱ्या दिवशी उतारभर तेच झालं. कबनूरच्या जीपवाल्यानं फसवलं. बाळंतीण न्हाई न् काय न्हाई, कुस्त्या बघाय गेलता भाड्या! गाडीवान चिडले होते. जीपवाला परका, तो परत इकडं फिरकला नाही. आत कोण होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी बघितलं नव्हतं. त्यांच्या चांगुलपणानंच मला झाकलं. मीही दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्या जीपवाल्याला शिव्या दिल्या. जरा जास्तच दिल्या.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच हंगामात, पुढं थोड्या दिवसांनी, आनंदा आपल्या बायकोला घेऊन उतारावर आला. आनंदा आमच्याच गावचा, वरच्या आळीचा. अबोल माणूस, दुसऱ्यांच्या रानात बैलांची कामं करायचा. शालन त्याची बायको, पहिलटकरीण. बैलगाडीला लुगड्याचा आडोसा केला होता, आत शालन आणि आनंदाची चुलती. गाडी नेमकी माझ्या दुकानासमोर येऊन अडली. बायको माहेरी नेसरीला गेलेली, दुकानात मी एकटाच.

आनंदानं हाक दिली.

पुढचा गाडीवान मागं वळून हसला. "परवाबी व्हती की बाळंतीण, कबनूरची! आज कुणाची कुस्ती हाय?" हाक पुढं गेली नाही. त्याच्या पुढं हसूच गेलं. आनंदा बैल सोडून धावत खाली गेला, गाडीगाडीपाशी हात जोडत, ओरडत. आणि आडोशाच्या आत शालन ओरडली. मी ते ऐकलं. खरी वेणा आलेली बाई कशी ओरडते ते मी तोवर ऐकलं नव्हतं. माझं कण्हणं त्याच्या जवळपासही नव्हतं. पण गाडीवानांना फरक कळला नाही. एकजण म्हणाला, "परवाचाबी आसाच वरडत हुता." दोघं-तिघं गाडीपाशी आले, पडदा उचल, बघू दे म्हणाले. चुलतीनं लुगडं घट्ट धरून ठेवलं. ती रडत होती आणि शिव्या देत होती, आणि ते ऐकत नव्हते.

मला काय करायचं होतं? पायरी उतरायची आणि म्हणायचं, अरे, ही शालन आहे, आनंदाची बायको, मी ओळखतो. एवढंच. माझं पाप कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती. गावातल्या दुकानदाराचा शब्द होता, सगळे गाडीवान मला ओळखत होते, वाट झाली असती. पण ज्याच्या पोटात चोरी असते ना, त्याला साधी गोष्टसुद्धा साधी दिसत नाही. मला वाटलं, कुणीतरी विचारेल — ही खरी कशावरून, आणि परवाची खोटी होती तेव्हा तुम्ही कुठं होता? कुणी विचारलं नसतं. कोण कशाला विचारेल?

मी दुकानाची फळी आतून ओढून घेतली. युरियाच्या पोत्यांमागं बसलो. फटीतून आडोशाचं लुगडं दिसत होतं, ते हलत होतं. कानावर हात ठेवले, काढले, परत ठेवले.

शेवटी कुठल्या तरी म्हाताऱ्या गाडीवानानं स्वतःची गाडी भिंतीवर घातली आणि बाकीच्यांना शिव्या घालून वाट करून दिली. तो परवाचाच म्हातारा होता का? मला ठाऊक नाही. मी बाहेर आलो नव्हतो.

शालन नावेवरच गेली. पाण्याच्या मध्यावर. मूलही गेलं.

संध्याकाळी मी मागच्या दारानं निघालो, शेतातून वळसा घालून वेशीतून गावात आलो आणि म्हणालो, मी इचलकरंजीला गेलो होतो. कुणी शंका घेतली नाही.

यापुढचं सांगायला मला जास्त जड जातंय, आणि गावाला वाटतं की तीच माझ्या आयुष्यातली चांगली गोष्ट. गाव पेटलं होतं. रस्त्यानं बाई मारली असं सगळे म्हणायला लागले आणि मी ते उचललं. समिती काढली, अध्यक्ष झालो. तहसील, जिल्हा परिषद, बांधकाम खातं — सगळीकडं गेलो, आणि दर वेळी आनंदाला सोबत घेऊन गेलो. साहेबापुढं त्याला उभं करायचं आणि म्हणायचं, सांग आनंदा. तो सांगायचा. प्रत्येक वेळी एकाच जागी त्याचा आवाज तुटायचा, आणि साहेब पेन खाली ठेवायचा. मला ती जागा पाठ झाली होती. मी तिची वाट बघायचो. सभेत एकदा मी म्हणालोसुद्धा, "मी त्या दिवशी गावात असतो तर छातीवर गाड्या घेतल्या असत्या!" टाळ्या पडल्या.

सरकारी निधी मिळायला फार वर्षं गेली, पण मिळाला. नवं शतक लागलं होतं. उतार रुंद झाला, काँक्रीट पडलं, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, नावेला दुसरा धक्का बांधला, वर गाड्या थांबायला मैदान केलं. कोंडी खरोखर सुटली, ते काम खोटं नव्हतं. रुंदीकरणात माझ्या दुकानाची पुढची बाजू गेली. मी भरपाई घेतली नाही. लोक म्हणाले, केवढं मन! मला ती फळी आणि ती फट नजरेसमोर नको होती, बाकी काही नाही.

उद्घाटनाला मला फेटा बांधला. हार घालायला आनंदाला बोलावलं. माइकवर तो एवढंच म्हणाला, "आण्णांनी माज्या शालनचं नाव पुसू दिलं न्हाई." मान खाली घालून मी तो हार घेतला. झेंडूचा होता, ओला होता, मानेला गार लागला. पळून जावं असं वाटलं. पण कुठं? गावात माझ्या नावाशिवाय त्या रस्त्याचा विषय निघत नाही, आणि रस्त्याशिवाय माझा.

आनंदानं परत लग्न केलं नाही. दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला. रविवारी माझ्याकडं येतो, चहा घेतो, फारसं बोलत नाही. रस्त्यात माझी गाडी दिसली की टेम्पो पार कडेला घेतो आणि हातानं खूण करतो, आधी तुम्ही. एवढा रुंद रस्ता, दोघं आरामात जाऊ — तरी.

गेल्या महिन्यात कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "आण्णा, एक इचारू? माजा आवाजच बारीक. तवा मोठ्यानं वरडाय जमलं आसतं तर हाक पाण्यापातूर गेली आसती, न्हाई?" इतकी वर्षं तो हे धरून बसलाय. आपला आवाज कमी पडला म्हणून बायको गेली, असं त्याला वाटतं.

मी म्हणालो, "नशीब, आनंदा." म्हणालो आणि त्याला आणखी चहा ओतला.

त्याचा आवाज बारीक नव्हता. पुढच्या गाडीपर्यंत पोचला होता, त्याच्या पुढच्याही. फळी ओढलेल्या दुकानात, पोत्यांमागं, कानांवर हात असतानासुद्धा पोचला होता. लोकांना तो खोटा वाटला, कारण त्याआधी पडद्याआड बसून मी कण्हलो होतो.

हे मी त्याला सांगितलेलं नाही. उद्या रविवार आहे, तो येईल.