मामांची लहान क्लॅरोनेट

आमच्या धाकट्या मामांइतकं हळू बोलणारा माणूस बिदर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं कर्कश वाजवणाराही. कमलनगरच्या दुकानात गूळ मागायचे आणि दुकानदाराला जे ऐकू येईल ते घेऊन यायचे. एकदा बसनं कमलनगरला निघाले, तर कंडक्टरनं अंदाजानं त्यांचं थेट बिदरचं तिकीट फाडलं. मामा मुकाट्यानं बिदरला आले, नौबादला आमच्याकडं जेवले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. मामी तापली. मामा म्हणाले, "फाडून बसला व्हता बिचारा. नको म्हणलं तर त्याला वाईट वाटलं असतं."

धम्म घेतल्यावर आजोबांनी घरातली हलगी कायमची खाली ठेवली. पण मामांना वाजवल्याबिगर राहवेना. एका म्हाताऱ्या फौजी वादकानं जाताना त्यांना आपली क्लॅरोनेट दिली. नेहमीच्या क्लॅरोनेटची ही धाकटी बहीण, जेमतेम दोन विती लांब. तशी आमच्या भागात कुणीच पाहिली नव्हती. सूर असा वर चढायचा की म्हशी पान्हा चोरायच्या, म्हणून मामी त्यांना रानात पिटाळायची. दुपट्यात गुंडाळून ते ती घेऊन निघाले की बसमध्ये बायका सरकून जागा देत. "बाळ निजलंय का?" असं कुणी विचारलं, तर मामा मान डोलवायचे.

माझं लग्न मामांच्याच गावात झालं. नौबादच्या आमच्या दोन खोल्यांत वऱ्हाड मावलं नसतं. उदगीरहून बँड आला होता. मामांनी दुपटं उलगडलं, तसा बँडमास्तर अजिजीनं म्हणाला, "मामा, हिच्यापुढं आमचं वाजवणं कोण ऐकंल? राहू द्या." मामा "बरं" म्हणाले आणि पाहुण्यांना पाणी द्यायला लागले.

ऊन डोक्यावर आलं, तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. नवऱ्याकडच्यांचं मन फिरलं, अशी कुजबुज सुरू झाली. आईनं पदर तोंडाला लावला. मी हळद लावलेल्या हातांनी नुसती बसून होते. रडावं की रागवावं, कळेना. तेवढ्यात मामा शाळेच्या छपरावर चढलेले दिसले.

"अहो, खाली या. वर कामून चढायलाव?" मामी ओरडली.

मामांनी क्लॅरोनेट तोंडाला लावून फुंकली. तूर कापून मोकळ्या झालेल्या रानांवरून तो सूर सरळ पलीकडं गेला. वऱ्हाडाचा टेम्पो वाट चुकून दोन फाट्यांच्या मधे उभा होता, आणि सगळे ड्रायव्हरशी भांडत होते. सासूबाई म्हणाल्या, "थांबा. इतकं चिरकं कोण वाजवायलंय? तिथंच लगीन असंल."

धुळीचा लोट दिसला, तशी मामी रडता रडता हसायला लागली. मास्तरनं स्वतःच मामांना हात देऊन उतरवलं आणि बँडच्या पुढं उभं केलं. त्यानंतर मामांना थांबवणं कुणालाच जमलं नाही.

पुढं मामांचे दात गेले. दातांबिगर ते वाद्य धरता येत नाही. मागच्या खेपेला मी गेले, तर मामा ओसरीवर बसून क्लॅरोनेट न फुंकताच तिच्यावर बोटं चालवत होते. आवाज कसलाच नव्हता. शेजारी मामी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आज लई बरं वाजवायलाव."