हेल्मेटवरचा हात

उत्तर काश्मीरमधल्या एका उंच चौकीवर माझी पोस्टिंग होती. मी सेक्शनचा रेडिओ ऑपरेटर. सेक्शन कमांडर हवालदार चव्हाण, लोणार तालुक्यातल्या बीबी गावचे. गस्तीवरून परतल्यावर ते प्रत्येकाच्या हेल्मेटवर हात ठेवून मोजत. दहावा हात स्वतःच्या डोक्यावर. त्यानंतरच कंट्रोलला 'सब ओके' जाई.

एकदा कुडकुडत मी विचारलं, "उस्ताद, ओके देऊन टाकू का? सगळे दिसून राह्यले."

"तुले दिसून राह्यले. म्या मोजले का अजून? गप उभा राह्य बे."

निवृत्तीनंतर चिखलीजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागलो. मॅनेजर तरुण होता. दर सोमवारी सगळ्यांना रांगेत उभं करून तो टीम आणि लीडरशिप यांवर वीस मिनिटं बोलायचा. कापूस निवडणाऱ्या एकाही बाईचं नाव त्याला माहीत नव्हतं. "ए निळी साडी" अशी हाक मारायचा.

त्या दिवशी दुपारी २.१० वाजता आवारातल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला. २.१२ ला मॅनेजर गेटबाहेर होता. त्याच्या आधी कोणीही बाहेर पडलं नव्हतं. २.१६ ला तो मालकांना फोनवर सांगत होता, "ऑल सेफ, सर. मी स्वतः बाहेर काढलं सगळ्यांना."

बायांची मुकादम सुमनबाई पुढे आली.

"सायेब, शांता दिसून नाई राह्यली."

"घरी गेली असेल."

"चपला इथं हायेत तिच्या. अनवाणी गेली का घरी?"

"आत्ता वाद नको. मी रिपोर्ट दिलाय."

सुमनबाईने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तिने टाकीत पोतं बुडवून डोक्यावर घेतलं. दुसरं मी घेतलं. आग शेडच्या दारापर्यंत आली होती, आत धूर भरला होता. शांता मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली सापडली. उठायचं त्राण नव्हतं, पण श्वास चालू होता. २.२७ ला आम्ही तिला बाहेर आणलं. सुमनबाईचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता.

मॅनेजरने शांताच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकाला फोटो काढायला सांगितलं. "शांताबाई, इकडे बघा." नाव आता पाठ झालं होतं.

पुढच्या महिन्यात त्याला उत्कृष्ट नेतृत्वाची ढाल मिळाली. मंचामागे तोच फोटो मोठा करून लावला होता. सुमनबाई पट्टी बांधलेल्या हाताने शेवटच्या रांगेत बसली होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. टाळ्या वाजल्या. मी विश्राममध्ये उभा राहिलो, हात पाठीमागे.

तो आधी पळाला, याचा मला राग नाही. घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांत मीही होतो. न मोजता 'ऑल सेफ' म्हणणाऱ्या त्या तोंडाची मला किळस आली. ती अजून गेलेली नाही.

हवालदार चव्हाण गेले त्या दिवशी गस्तीवर हिमकडा कोसळला होता. चौकीवर पोचल्यावर त्यांनी मोजलं. एक कमी. ते मागे फिरले. अडकलेल्या जवानाला मोकळं करून त्यांनी वर ढकललं आणि बर्फाच्या दुसऱ्या लोटाखाली ते स्वतः गाडले गेले. तो जवान परत आला. मोजणारा कोणी नव्हता, म्हणून मी मोजलं. प्रत्येक हेल्मेटवर हात ठेवला, शेवटी माझ्या.

कंट्रोलने विचारलं, "सब ओके?"

"नहीं," मी म्हणालो. "नौ."