आधी मिरो, मग फादर

आमच्या सान आब्दोनमध्ये कुणाच्या घरात भूत निघालं, की पहिला फोन चर्चच्या ऑफिसात येतो, म्हणजे माझ्याकडे. लग्नाच्या तारखा, बाप्तिस्म्याचे दाखले, मयताची फुलं आणि भुतं एवढी खाती माझ्याकडे आहेत. भुताचा फोन आला की मी एकच प्रश्न विचारतो, "एसी चालू असताना येतं, की बंद झाल्यावर?" पलीकडची बाई रडत असली तर रडायची थांबते आणि मला शिव्या घालते. घालू देत. फादर आन्सेल्मोंचा नियमच तसा आहे. आधी मिरो जाऊन येणार, मग फादर पवित्र पाणी शिंपडायला जाणार.

फादरांनी हा नियम काही देवाला विचारून केलेला नाही. एका घरात भिंतीतून धाडधाड आवाज यायचा. फादर तिथे जाऊन प्रार्थना करून आले. आवाज थांबेना, म्हणून पुन्हा गेले, या वेळी लॅटिनमध्ये. ते अगदी रंगात आले असताना माळ्यावरून एक माणूस खाली डोकावला आणि म्हणाला, "फादर, पत्रा आहे." मशीन सुरू झालं की खोल्यांत हवा नेणारा पातळ पत्र्याचा डक्ट फुगायचा आणि ढोलासारखा वाजायचा, इतकंच. त्या माणसाने पत्र्याला आडवी पट्टी मारली आणि सैतान त्या घरातून कायमचा गेला.

तो माणूस म्हणजे कासिमिरो बारिएंतोस. सगळं गाव त्यांना तिओ मिरो म्हणतं, म्हणजे मिरोकाका. सख्खा पुतण्या म्हणाल तर एकही नाही. वाळक्या लाकडासारखा माणूस, मिशा तेवढ्या भरघोस. टेक्सासच्या या नदीकाठी मेपासून पुढे भट्टी पेटते ती ऑक्टोबरपर्यंत विझत नाही. घर म्हटलं की अंगणात एक मशीन, माळ्यावर दुसरं आणि तिथून खोल्याखोल्यांत गेलेले पत्र्याचे डक्ट. घराला फुप्फुसं असावीत तसं. मशीन बंद पडलं तर म्हातारी माणसं खरोखर मरतात इथे. त्यामुळे डॉक्टरपेक्षा मिरोंचा नंबर लोकांना पाठ.

भुतांचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते. दार आपोआप आपटतं? हवा ओढणारी जाळी बाहेर बोळात, खोली बंद, हवेला परतायला वाट नाही. दार खालून बोटभर तासा. भिंतीत तान्हं मूल रडतं? फिल्टर बदला, गोधडीसारखा झालाय, हवा कडेकडेने शीळ घालत जातेय. एकाच जागी मानेवर गार हात पडतो? वर डक्टचा सांधा निसटलाय. छतातून रक्त झिरपतं? गंजाचं पाणी आहे ते, निचऱ्याच्या नळीत शेवाळ अडकलंय. काम झालं की ते टोपी घालत म्हणायचे, "गेलं." आणि फादरांना पाणी शिंपडण्याइतकंही काम उरायचं नाही.

लोक खूश व्हायचे. सगळे नाही.

दोन्या एर्लिंदा, म्हणजे एर्लिंदाबाई, आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा नवरा रोसेंदो न्हाणीघरात शिरण्याआधी दारावर तीनदा टकटक करायचा. आत कुणी नाही हे माहीत असलं तरी. तो गेल्यावर दुपारच्या झोपेच्या वेळी भिंतीतून टकटक यायला लागली. ती कुणाला काही बोलली नाही. फोन केला तो तिच्या मुलीने. मिरो गेले, हवा फेकणाऱ्या ब्लोअरचा सैल झालेला बोल्ट आवळला, "गेलं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन्या एर्लिंदा माझ्या टेबलासमोर उभी.

"चानो, तुझ्या त्या मिरोला सांग. देवाने माझ्या माणसाला एकदा नेलं, ते मी सोसलं. दुसऱ्यांदा त्याने नेलं. पान्याने."

मी सांगितलं नाही, पण तिने स्वतःच रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत सांगितलं. मिरो टोपी हातात घेऊन ऐकत राहिले. त्यांची बायको आंपारो शेजारी होती. तिने नुसतं "च्... च्" केलं. तो आवाज अख्ख्या गावाला ओळखीचा. मिरो काही चुकीचं बोलले, काही सांडलं, कॉफीत साखर जास्त घातली, की आंपारो जीभ टाळ्याला लावून तसं दोनदा करायची. पुढे तिची फुप्फुसं खराब झाली. नाकाला नळी लागली. तेव्हा त्या "च् च्"नंतर एक लांब उसासा यायला लागला, कारण रागवायलासुद्धा दम पुरेना. फेब्रुवारीत ती गेली.

जूनमध्ये मिरो बदलले. दुपारी फोन केला तर उचलायचे नाहीत. उचललाच तर, "आज नाही जमणार, घरी काम आहे." भुतांची रांग लागली माझ्याकडे. एका बाईने तर विचारलं, "फादरांना आधी पाठवून बघता का?" जणू फादर म्हणजे घरगुती उपाय.

आंपारो चर्चची वस्त्रं इस्त्रीला घरी न्यायची. त्यातलं एक वेदीवरचं कापड राहिलं होतं, ते आणायला मी जुलैत एका सकाळी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत बाहेरच्याइतकाच उकाडा. मिरो बोळात खुर्ची टाकून भिंतीतल्या जाळीसमोर बसलेले, पाहुण्यासमोर बसावं तसे.

"बस," ते म्हणाले. "बोलू नकोस. आता बंद होईल."

मशीन घरघरत होतं. बऱ्याच वेळाने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने टिक् केलं आणि ते थांबलं. घरात एकदम शांतता. आणि मग जाळीतून आलं.

च्... च्.

मी त्यांच्या खुर्चीची पाठ धरली. मग एक लांब उसासा. दमलेला, शेवटी शेवटी बारीक होत गेलेला. आणि तिओ मिरो हसत होते. लाजल्यासारखे.

आता चर्चच्या ऑफिसात बसून बसून मलाही थोडं कळायला लागलंय. मी घाबरलोय हे दिसू नये म्हणून म्हणालो, "तिओ, गॅस कमी झालाय का? घर गार होत नाहीये."

"मला शिकवतोस?"

"तसं नाही. पण गॅसचा दाब मोजायचं गेज लावून बघितलंत?"

"नाही."

"का?"

"गेज लावलं की कळेल," ते म्हणाले. "कळलं की मला दुरुस्त करावं लागेल. आणि दुरुस्त केलं की..." पुढचा शब्द ते गावभर बोलले होते. इथे त्यांना तो उच्चारवेना.

"आणि नाही केलंत तर?"

याचं उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. गॅस गळतोय. गळेल तसं घर तापेल. थर्मोस्टॅटला हवा तेवढा गारवा मिळालाच नाही, तर मशीन थांबणारच नाही. आणि ती यायची ती मशीन थांबल्यावरच. जूनमध्ये ती तासातासाला यायची. आता दिवसातून दोनदा, पहाटे आणि सकाळी. एक दिवस येणारच नाही, आणि मग कॉम्प्रेसर जळेल. उघडलं तरी ती जाणार, न उघडलं तरी जाणार.

"हाताने बंद करा की," मी म्हणालो. "बटण आहे ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये थुंकलो होतो. "मी बोलावून ती यायची का? तिने आपणहून यायला हवं."

तेवढ्यासाठी त्यांनी थर्मोस्टॅटचा आकडा वर वर चढवत नेला होता, म्हणजे निदान तेवढ्यावर तरी मशीन थांबेल. पुढे पुढे तेही पुरेना. मी कापड घेतलं आणि निघालो. फादरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? की मिरोच्या घरात मिरोला पाठवा?

ऑगस्टमध्ये, बाहेर एकशे आठ डिग्री फॅरनहाइट असताना, दोन्या एर्लिंदाचा फोन आला. "ये लवकर. तुझा भुतं काढणारा बोळात पडलाय."

ती शिजवलेल्या राजम्याचं भांडं द्यायला गेली होती. दोघांचं बोलणं बंद होतं. पण विधुराला जेवण द्यायचं नाही इतकं वैर आमच्याकडे कुणी करत नाही. मी पोचलो तेव्हा तिने मिरोंच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला होता, तोंडाला पाण्याचा पेला लावला होता आणि तोंडाचा पट्टा सोडला होता. मशीन अखंड धापा टाकत होतं. माळ्यावरच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ साचला होता आणि खाली माणूस भाजत होता.

"किती दिवस आली नाही?" तिने विचारलं.

तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. ती खुर्ची आणि ती जाळी बघून तिला कळलं असणार. तिला नाही कळणार तर कुणाला?

"रविवारपासून," मिरो म्हणाले.

"माझ्या रोसेंदोला काढताना तुझा हात नाही थरथरला. आणि आता स्वतःची आली तर जाळीसमोर बसलायस नवरदेवासारखा!"

"एर्लिंदा..."

"गप. वर आणखी मरायला निघालायस. ती काय म्हणेल?"

"तेच ऐकायला बसलोय ना."

दोन्या एर्लिंदाने टॉवेल पिळून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुला उघडवत नसेल, तर दुसरा कुणी उघडेल. आबुंदिओला बोलावते."

मिरो ताडकन उठून बसले. "आबुंदिओ? काट्याला बोलावलं तर पाय कापून नेईल तो!"

यात खोटं काही नव्हतं. पलीकडच्या वस्तीतला आबुंदिओ हाही याच धंद्यातला. फ्यूज उडाला तरी तो नवं मशीन सुचवतो, आणि जे केलं ते गावभर चारदा सांगतो. पण गावात दुसरं कुणी नव्हतं. मिरोंनी पुष्कळ वेळ छताकडे पाहिलं.

"येऊ दे," शेवटी म्हणाले. "पण काय निघालं ते मला सांगायचं नाही. एक अक्षर नाही."

आबुंदिओ आला तो हसतच. "काय उस्ताद, आज गिऱ्हाईक झालात?" मग त्याला खुर्ची दिसली, टॉवेल दिसला, भिंतीवरचा आंपारोचा फोटो दिसला. मी त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून मी तयारच होतो. तो फक्त म्हणाला, "बंद झाल्यावर? दोनदा?" आणि शिडी घेऊन वर गेला.

बर्फ वितळेपर्यंत त्याने मशीन बंद ठेवलं. तेवढा वेळ आम्ही अंगणातल्या मेस्कीटच्या झाडाखाली बसलो, कारण घरात ती शांतता नको होती. नंतर वरून खुडबुड ऐकू आली, साबणाच्या फेसाने गळती शोधतात ती, मग नळीला डाग दिल्याचा वास. मिरो एकेका आवाजाला मान हलवत होते. न बघता त्यांना कळत होतं तो कुठवर पोचलाय. मी मुद्दाम मोठमोठ्याने बेसबॉलच्या गप्पा काढल्या.

आबुंदिओ घामाने निथळत खाली आला. मशीन चालू केलं. तोंड उघडलं. दोन्या एर्लिंदाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असावं.

मग आम्ही वाट बघत बसलो. चौघं, त्या बोळात. तापलेलं घर हळूहळू निवत होतं. आधी पायाला गार लागलं, मग गुडघ्यांना. दोन्या एर्लिंदाने राजमा वाढला, कुणी खाल्ला नाही.

"फार वेळ चाललंय," मिरो म्हणाले.

"भिंती तापल्यात, उस्ताद. वेळ लागणारच."

"मला शिकवतोस?"

आणि मशीन थांबलं.

आबुंदिओने बुटांकडे बघत मान खाली घातली. मला पत्रा माहीत आहे. गार हवा थांबली की पत्रा ताणला जातो आणि टिकटिकतो, हे मी फोनवर कितीजणांना सांगितलंय. तेच मी मनात घोकत होतो.

च्... च्.

दोन्या एर्लिंदाने छातीवर क्रूसाची खूण केली. मीही केली. आणि आम्ही उसाशाची वाट पाहिली. फ्रीजची गुणगुण ऐकू आली, बाहेर कुणाचा तरी ट्रक गेला. उसासा आला नाही. मिरो पुढे वाकले, जाळीला कान लावला. ते कोसळतील म्हणून मी उठलो.

ते कान लावूनच राहिले. मग त्यांचा चेहरा आमच्याकडे वळला, आणि तो मी कधी पाहिला नव्हता असा होता.

"दम लागत नाही तिला आता," ते म्हणाले.

दोन्या एर्लिंदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या भिंतीत काही उरलं नव्हतं, आणि ते दुरुस्त करून देणारा या गावात कुणी नाही. आबुंदिओने पुन्हा तोंड उघडलं, काय निघालं ते त्याला सांगायचंच होतं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"उस्ताद," तो कसाबसा म्हणाला, "अजून काही बघू का? डक्टचा पत्रा वगैरे?"

"नको," मिरो म्हणाले. "जेवढं निघालं तेवढं पुरे." जाळीच्या मागे पुन्हा घरघर सुरू झाली. त्यांनी खुर्ची जरा मागे ओढली. "निघा तुम्ही. आता मशीन लवकर लवकर थांबेल."

आबुंदिओने हत्यारांची पेटी उचलली आणि वाजू नये म्हणून छातीशी धरली. आम्ही तिघं चवड्यांवर बाहेर पडलो, आजाऱ्याला नुकतीच झोप लागलेल्या घरातून पडतात तसे.