ओ गटाच्या पाच सवाष्णी

करोनाच्या काळात मी आजच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी तरुण होते आणि अकलेनं तर पाळण्यातच होते. त्या तरुण बाईची ही गोष्ट. तिला खुशाल हसा, माझी हरकत नाही.

नात अकोल्याला दिलेली, सातवा महिना लागलेला. लहानपणापासून अमरावतीत माझ्याजवळ वाढली, म्हणून माझा सगळा जीव तिच्यात. त्यात मोबाइलवर कोणीतरी पाठवलं : ए रक्तगटाच्या माणसाला करोना लवकर धरतो, ओ गटाला सहसा शिवत नाही. नातीचा गट ए. माझा ओ. त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे जरा मानानंच पाहिलं.

तिच्या ओटीभरणाला मोजक्या पाच सवाष्णी बोलवायच्या होत्या. मी ठरवलं, पाचही ओ गटाच्याच. झाले फोन सुरू. कशी आहेस, पोरं बरी का, काही नाही, पलीकडून उचलला की पहिलं, "तुमचं रक्त कोणतं?"

अचलपूरची नणंद म्हणाली, "वहिनी, ओटी भरून राहिली का रक्ताची बाटली?"

तिचा निघाला बी. बिचारीनं कित्येक महिन्यांत उंबरठा ओलांडला नव्हता, तरी मी तिला गाळलं. आणि घेतलं कोणाला? गल्लीतल्या एकीला, जी त्या दिवसांतही एक लग्न सोडत नव्हती. का, तर ती ओ!

नातीनं हे सगळं तिच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि त्यांना माझ्याशी फोन जोडून दिला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, गटानं थोडा फरक पडतो असं काही जण म्हणतात, काही जण नाही म्हणतात. पण ओ वाल्यांनाही होतो, आणि त्यांच्यापासून दुसऱ्यांनाही होतो. पोटुशीला झाला तर तिला आणि बाळाला जड जाऊ शकतं. रक्त नका विचारू. कोण कुठं फिरून आलं, कोणाचा घसा दुखतो, ते विचारा."

"हो हो," म्हटलं. मनात म्हटलं, हिचा गट ए असेल.

निघायच्या दिवशी सकाळी माझाच घसा खवखवायला लागला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, नातीचं हिरवं पातळ पिशवीत टाकलं आणि निघाले. तर आमचे हे दारात आडवे.

"कुठं चालली?"

"मले काय होते? मी ओ आहो."

"तुले नाही होत, मानलं. तिले झालं मंग?"

या माणसाशी जन्मभर भांडले, पण ऐकलं ते त्या दिवशीच. पिशवी खाली ठेवली. तपासून घेतलं, तर करोनाच. खोलीत एकटी बसले तेव्हा भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. गेले असते तर मी तिचं तोंड कुरवाळलं असतं, माझ्या हातानं घास भरवला असता.

नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. रागावली नाही. गल्लीतल्या बाईसकट साऱ्यांना नका येऊ म्हणून मी कळवलं आणि नणंद एकटीच अकोल्याला गेली. तोंडाला मास्क, अंगणात पाट, बस. मी व्हिडिओ कॉलवर. नातीच्या पदरात नारळ, गहू, खण पडत होते, आणि तिचं लक्ष माझ्याकडेच.

"आजी, खोकला तर नाही ना येऊन राहिला तुले?"

"काईच नाही," म्हटलं. मग फोनवर माझा आवाज बंद केला, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पोटभर खोकून घेतलं.