अस्तरबाईंच्या नातीचं घामोळं

सगळी गल्ली त्यांना अस्तरबाई म्हणायची, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या हट्टानं कमावलं होतं. तुम्ही साधा फ्रॉक शिवायला टाका, अस्तर लागणार म्हणजे लागणार. कुणी म्हणालं, "बाई, उकडतं हो," तर कात्री खाली न ठेवता म्हणायच्या, "कपडा आतूनही नीट दिसायला हवा. अस्तर नको असेल तर दुसरीकडे टाका." माणसं कुरकुरत का होईना, परत यायची. शिलाईच अशी, की उलटा घातला तरी कपडा खपून जावा.

आता अशा बाईंना नात झाली, मग काय विचारता. पाच महिन्यांच्या त्या पोरीला त्या लाडानं बटण म्हणायच्या. लेक सोमवारपासून परत कामावर जाणार होती, आणि बटणाला आईकडे ठेवायचं की पाळणाघरात, हे तिचं ठरत नव्हतं. अस्तरबाईंनी विचारलं नव्हतं. फक्त मशीनशेजारचे तागे हलवून तिथे छोटीशी गादी घातली होती आणि बटणाला एक झबलं शिवलं होतं. गळ्याला झालर, मागे बंद, आणि आत काय, ते सांगायला नकोच. बाईंचा सगळा जीव त्या रिकाम्या गादीत अडकला होता.

ऐन उन्हाळ्यात बटण ते झबलं घालून मिरवत होतं. शनिवारी दुपारी लेक तिला घेऊन धापा टाकत आली. "आई, बघ ना हिला. गोवर तर नसेल?"

बाईंनी कात्री खाली ठेवली. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. पोरगी किरकिरत होती, पण दूध नीट पीत होती. चष्मा चढवून त्यांनी झबलं काढलं. मानेच्या वळ्यांत, छातीवर, पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं लाल पुरळ. पू कुठे नव्हता.

"घामोळं आहे," त्या म्हणाल्या आणि आणखी खाली वाकल्या. पोटावर पुरळ एका सरळ रेषेत थांबलं होतं. खाली अंग लख्ख. ती रेष त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. अस्तर त्यांनी तिथेच दुमडून संपवलं होतं.

"माझ्या खाण्यात काही आलं का गं? माझं दूध बाधलं का तिला?" लेकीचे डोळे भरून आले.

गप्प राहणं सोपं होतं. लेकीनं खापर स्वतःवर फोडून घेतलंच होतं, आणि सोमवार तोंडावर आला होता. पण तिचं ते रडवेलं तोंड बघून बाईंनी झबलं उलटं करून तिच्यापुढे धरलं.

"तुझं दूध कशाला बाधतंय? माझं अस्तर बाधलंय. चकचकीत म्हणून सॅटिनचं लावलं, घाम आतच कोंडला."

साध्या पाण्यात मऊ फडकं भिजवून त्यांनी बटणाचं अंग पुसलं, वळ्या न घासता नुसत्या टिपल्या, आणि पोरीला लंगोटावर गादीवर सोडलं. लेक पावडरचा डबा काढायला लागली तर तो काढून घेतला. "काही थापू नकोस. तेलही नको. वारा लागू दे. ताप आला, पू दिसला किंवा दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर सरळ डॉक्टरकडे."

बटण पाय झाडत पंख्याकडे बघून हसायला लागलं. लेकीचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात ती भलतंच बोलून गेली. "मलाही यायचं. दर उन्हाळ्यात. शाळेत भिंतीला पाठ घासत बसायचे मी."

पाठ घासून कपडा झिजवते म्हणून बाई या पोरीला किती वेळा बोलल्या होत्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं शिवायचीस."

निघताना लेक दारात थांबली. "सोमवारी जाताना हिला इथे सोडते. अशीच मोकळी ठेव."

रविवारी दुकान बंद असतं, तरी मशीन चाललं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती चादरीतून बटणाची तीन बिनबाह्यांची झबली निघाली. मग बाईंनी नवं पातळ कापड काढून लेकीचा कुडता बेतला. तिचं माप त्यांना पाठ होतं. सवयीनं हात अस्तराच्या ताग्याकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला आणि कुडता तसाच शिवला.