वरून जाणारं विमान

मी खालापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एक गृहस्थ दर शनिवारी रक्तदाब तपासून घ्यायला यायचे. मुंबईत एका विमान कंपनीच्या कचेरीत होते. नंबर आला तरी मागच्याला पुढे जाऊ द्यायचे आणि घड्याळ बघून वहीत रेघा मारायचे.

"बाय, या मानसाला आदी सुई टोच गं, नुसता घड्याल बघत बसलाय," एक म्हातारी म्हणाली. सगळे हसले, तेही हसले.

मी विचारलंच, तेव्हा म्हणाले, "वैमानिकापुढेही अशीच रांग असते, सिस्टर. रेडिओ, उंची, इंधन. एक काम हातात असताना दुसरं येतं. रांग किती लांबली की माणूस चुकतो, ते मी गणिताने काढतो."

"विमानात बसलात कधी?"

"नाही. वैमानिकामागे बसून मोजायची परवानगी मागितली आहे. मिळाली की या दवाखान्यावरूनच जाईन. बघाल ना?"

जाताना वहीतल्या रेघा मोजून म्हणाले, "ड्रेसिंगवाल्यांना अकरानंतर बोलवा." मी तसं केलं आणि कित्येक वर्षांनी चहा गरम प्यायले. माझ्यावर किती काम येतं, हे आजवर कोणी मोजलं नव्हतं.

पुढे ते यायचे थांबले. परवानगी मिळाली की बदली झाली, कळलं नाही. दिवस सांगितला असता तर एकदाच बघून मोकळी झाले असते. आता प्रत्येक विमानाला सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दारात जावं लागतं.

"बाय, पोर रडतंय गं," रांगेतून कोणीतरी ओरडतं.

"आले," म्हणते, आणि विमानाचा आवाज विरेपर्यंत तिथेच उभी राहते.